नागपूरचा उन्हाळा, मडक्यातलं पाणी आणि उघडं दार

मागच्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास शेजारच्या आजी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर घामानं चिंब, चेहरा लालबुंद. म्हणाल्या, "नवा कूलर लावून बसली तरी जीव घाबरून राहिला पोरी. पाहून दे बरं जरा."

मी गेले. एकच खोली, वर टिना. कूलर खोलीच्या आत, कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेला. खिडकी बंद, दार बंद, दाराच्या खालच्या फटीत जुनी गोधडी कोंबलेली. कूलर जोरात सुरू होता, पण गादीवर हात ठेवला तर गादी दमट लागली. अंगावरचा घाम वाळायचं नाव घेत नव्हता.

"दार काहून लावलं आजी?"

"मग? बाहेरची झळ आत येते न."

आम्ही दोघींनी कूलर ओढत खिडकीशी नेला, त्याची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेकडे केली आणि समोरचं दार वीतभर उघडं ठेवलं. चहा होईस्तोवर खोलीतली हवा बदलली होती, आणि आजींना डुलकी लागली होती.

या कामाला एक पैसा लागला नाही. कूलर तोच, पाणी तेच. फक्त कूलर थंड कसा करतो एवढं माहीत असायला हवं होतं. माझं तर असं ठाम मत झालं आहे की नागपूरच्या उन्हाळ्यात स्वस्तात तग धरायचा असेल तर एकच गोष्ट नीट समजून घ्यावी: पाणी आटताना उष्णता ओढून घेतं. मडकं, कूलर, वाळ्याची ताटी, अंगणातला सडा, डोक्यावरचा ओला दुपट्टा आणि आपला घाम, या सगळ्यांच्या मागे हीच एक गोष्ट आहे.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती ते आजूबाजूच्या हवेतून, कापडातून, कातडीतून घेतं. हिशेब थक्क करणारा आहे. एक लिटर पाणी आटताना जेवढी उष्णता शोषतं, तेवढी १००० वॅटची इस्त्री सुमारे ४० मिनिटं सतत तापवली तर बाहेर पडते. एवढी उष्णता एक लिटर नळाचं पाणी उचलून नेतं, आणि भर मे महिन्यात कूलर तासाला असं कित्येक लिटर पाणी पितो.

पण पाणी आटायला हवेत जागा लागते. हवा कोरडी असेल तर ती वाफ पटापट घेते; आधीच दमट असेल तर घेत नाही. मुंबईचा ३४ अंशांचा घामट दिवस आणि नागपूरचा ४४ अंशांचा कोरडा दिवस यांत फरक आहे तो इथे. आपल्याकडे पारा चढतो खरा, मे २०१३ मध्ये तर तो ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, पण एप्रिल-मेच्या दुपारी हवा अगदी कोरडी ठणठणीत असते. ही कोरडी हवाच आपली सगळ्यात स्वस्त सोय आहे.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर दोन साधे थर्मामीटर घ्या, खोलीचं तापमान दाखवणारे. (तापाचा नको, तो एवढ्या उष्णतेत फुटायचा.) एकाच्या खालच्या गोळ्याला सुती चिंधी गुंडाळा आणि ती पाण्यात भिजवा. दोन्ही सावलीत, पंख्यासमोर टांगा. पाच-दहा मिनिटांत कोरडा थर्मामीटर ४३ दाखवत असेल तर ओला २३-२४ च्या आसपास उतरलेला दिसेल. वीस अंशांचा फरक, एका ओल्या चिंधीनं! ओल्या थर्मामीटरवरचा आकडा म्हणजे पाणी आटवून हवा जास्तीत जास्त कुठवर थंड होऊ शकते त्याची हद्द. चांगला कूलर त्या हद्दीच्या बराच जवळ जातो. बाहेर ४५ आणि हवा कोरडी असेल तर त्याच्या तोंडाशी २८ ते ३० अंशांची हवा मिळते.

आता आजींच्या खोलीत काय झालं ते कळेल. बंद खोलीत कूलर तीच हवा फिरवत राहतो. प्रत्येक फेरीत ती जास्त दमट होते, शेवटी तिच्यात वाफ घ्यायला जागाच उरत नाही. मग ताटीतलं पाणीही आटत नाही आणि अंगावरचा घामही नाही. म्हणून कूलरला दोन गोष्टी हव्याच: मागून बाहेरची कोरडी हवा, आणि खोलीतली दमट हवा निघून जायला समोर वाट. खिडकी, दार, एक्झॉस्ट पंखा, काहीही चालेल. कूलर ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूची वाट उघडी ठेवा, म्हणजे गार हवा तुमच्या अंगावरून जाऊनच बाहेर पडेल.

कूलरच्या बाबतीत बाकीचं सगळं ताटीत आहे. लाकडाच्या भुशाची, म्हणजे बारीक सालींची ताटी दरवर्षी बदला. ती स्वस्त असते आणि हंगामाच्या शेवटी आकसून खाली बसते. ताटीचा वरचा भाग कोरडा राहिला की तिथून उन्हाची झळ सरळ आत येते आणि बाकीच्या ताटीची मेहनत वाया जाते. कूलर सुरू असताना बाहेरून हात लावून बघा. कुठे कोरडं लागलं तर वरच्या पन्हाळीची भोकं क्षारानं बुजलेली असतात. सुईनं किंवा बारीक तारेनं ती मोकळी करा, पण आधी प्लग काढून. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या ताट्यांवर पांढरा थर लवकर बसतो, त्यांनी टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून द्यावं, नुसती वरून भर घालत राहू नये. वाळ्याच्या ताटीला वास सुंदर येतो आणि ज्याला परवडते त्यानं जरूर लावावी, पण गारवा भुशाच्या ताटीनंही तेवढाच मिळतो. आधी नुसता पंप सुरू करा, ताटी पूर्ण भिजली की मग पंखा.

आणि कूलरमध्ये बर्फ टाकण्यावर पैसे घालवू नका. दर उन्हाळ्यात लोक बर्फाच्या लाद्या आणतात म्हणून मुद्दाम सांगते. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सात पट उष्णता एक लिटर पाणी आटताना घेतं. गारवा पाण्याच्या थंडपणात नाही, आटण्यात आहे.

विजेचं गणित सोपं आहे. घरगुती कूलर साधारण १५० ते २०० वॅटचा, दहा तास चालला तर दीड-दोन युनिट. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर सुरू असताना १५०० वॅटच्या आसपास ओढतो. शिवाय वीजबिलात १०० युनिटच्या पुढे आणि ३०० युनिटच्या पुढे दर चढत जातो, म्हणजे शेवटची युनिटं सगळ्यात महाग पडतात.

मडक्याचं तत्त्वही तेच. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगावर आटतं आणि आतलं पाणी गार होतं. म्हणून मडकं सावलीत, पण वारा लागेल अशा जागी ठेवावं. स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात ते गार होत नाही. रंगवलेलं, चकचकीत मडकं दिसायला छान, पण रंगानं छिद्रं बुजतात. जुनं मडकं गार करेनासं झालं तर क्षारानं त्याची छिद्रं भरली असं समजा आणि नवं आणा. ओलं गोणपाट गुंडाळलं तर आणखी चांगलं.

आता पंख्याबद्दल एक गोष्ट, जी फार कमी जणांना ठाऊक असते. आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर पंखा अंगातली उष्णता घेऊन जातो. पण खोलीतली हवाच ४० च्या वर गेली की नुसता कोरडा पंखा अंगावर उलट उष्णता आणून टाकतो. तरण्याताठ्या माणसाला भरपूर घाम येतो आणि तो वाळतो, म्हणून त्याला बरं वाटतं. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो; त्यांच्यासाठी असा पंखा म्हणजे भट्टीचा भाता. कूलर नसेल तर पंखा बंद करून बसा असं मी म्हणत नाही. पंख्याखाली अंग ओलं ठेवा. पंचा किंवा जुनी सुती साडी भिजवून पिळा, अंगावर घ्या, वाळली की पुन्हा भिजवा. हात आणि पाय पाण्यानं पुसत राहा. म्हणजे तुम्ही स्वतःच मडकं झालात, आणि कोरड्या हवेत हे फार छान चालतं.

पण गार करण्याच्या आधीचं काम आहे ऊन आत येऊ न देणं, आणि स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे. सिमेंटची स्लॅब दिवसभर उष्णता साठवते आणि सूर्य कलल्यावर कितीतरी तास ती खाली सोडत राहते. रात्री अकराला पलंगावर पडल्यावर छताकडून जी धग येते ती दुपारची आहे. करड्या स्लॅबवर पडलेलं बहुतेक ऊन ती गिळते. पांढरा चुना लावलेली गच्ची त्यातलं बरंचसं परत आभाळाकडे पाठवते.

चुना लावायचा तो असा. गच्ची आधी झाडून, धुऊन वाळवा. चुन्याची कळी लोखंडी घमेल्यात किंवा ड्रममध्ये थोडी थोडी पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवा. हे पाणी खदखदतं, तेव्हा पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घाला. चुन्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी मोठी इजा होते. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं निदान १५ मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. दुसऱ्या दिवशी गाळून त्यात थोडा फेव्हिकॉल मिसळा म्हणजे पकड बसते, आणि ऊन उतरल्यावर कुंच्यानं दोन हात मारा. पावसाळ्यात तो धुपेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा लावायचा. अहमदाबादनं २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं कामही त्या आराखड्याचा भाग झालं. म्हणजे हा नुसता घरगुती तोडगा नाही.

टिनावर चुना नीट धरत नाही. तिथे पांढरा रंग लावा, किंवा टिनाच्या वर हातभर अंतर सोडून हिरवी जाळी, बांबूचे तट्टे असं काही ताणा. महत्त्वाचं आहे ते मधलं अंतर. सावली टिनाला चिकटली तर तिची उष्णता टिनात उतरते; मध्ये हवा खेळती राहिली तर ती वरच्या वर निघून जाते. गावाकडे अंगणात तुराट्यांचा मांडव घालतात तो याच कारणानं गार असतो. टिनाच्या खालून थर्माकोल किंवा पुठ्ठा लावणाऱ्यांनी चूल आणि वायर यांच्यापासून तो लांब ठेवावा, तो भडकन पेटतो.

खिडकीचंही तसंच. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन बसलेलंच असतं. तट्टी किंवा जाळी बाहेरून लावा, विशेषतः पश्चिमेच्या खिडकीला. कूलर नसलेल्या खोलीच्या खिडक्या सकाळी नऊ-दहापासून बंद, आणि संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार लागली की सगळ्या सताड उघड्या.

आता आपल्या अंगाचा विचार करू. शरीराचा कूलर म्हणजे घाम, आणि त्याची टाकी आपणच भरायची असते. कडक उन्हात राबणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि कोरड्या हवेत तो लगेच वाळतो म्हणून गेल्याचं कळतसुद्धा नाही. नागपुरात हाच धोका आहे. मुंबईत सदरा भिजतो, तिथे माणूस सावध होतो. इथे सदऱ्यावर फक्त मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. तहानेवर विसंबू नका. लघवीचा रंग बघा: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं. आजीआजोबांना तहान कमी लागते, त्यांना विचारू नका, पेला हातात द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी नको. त्याला आईचं दूधच जास्त वेळा पाजा आणि आईनं भरपूर पाणी प्यावं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, लघवी जास्त करणारी बीपीची गोळी सुरू असेल, तर पाणी आणि मीठ किती घ्यायचं हे उन्हाळा लागतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा.

घामासोबत मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी ढोसून भागत नाही. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, आंबील, लिंबूपाणी हे आपले जुने उपाय अगदी बरोबर आहेत. ओआरएसचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापानंच करा. एक लिटरचं पाकीट एका ग्लासात ढवळून पिणं चुकीचं आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या लहान चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानातली गोड, रंगीत, डबाबंद पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. खिशात कांदा ठेवल्यानं अंग गार होत नाही. तो जेवताना खा, खिशात पाण्याची बाटली ठेवा.

बाहेर निघणं टाळता येत असेल तर दुपारी १२ ते ४ टाळा. ज्याचं पोट हातावर आहे त्याला हे सांगणं सोपं, करणं अवघड, हे मला कळतं. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा, बर्डीच्या फुटपाथवर हातगाडी लावणारा, दारोदार पार्सल पोचवणारा पोरगा, हे घरी कसे बसतील? त्यांच्यासाठी तीन गोष्टी: डोकं आणि कान दुपट्ट्यानं बांधा आणि पाणपोई दिसली की दुपट्टा भिजवा, दर २० मिनिटांनी चार घोट पाणी, तहान असो वा नसो, आणि तासाभरात दहा मिनिटं सावली. कामावर नवीन माणूस आला असेल तर पहिला आठवडाभर त्याला कमी काम द्या. शरीराला ऊन सोसायची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि ऊन लागायचा सर्वात जास्त धोका याच पहिल्या दिवसांत असतो. मुकादम आणि ठेकेदारांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. बातम्यांत हवामान खात्याचा आकडा ऐकाल तेव्हा हेही लक्षात ठेवा की तो सावलीत, जाळीदार पेटीत मोजलेला असतो. उन्हात उभ्या माणसाला लागतं ते त्याहून कितीतरी जास्त.

आता ऊन लागतं तेव्हा काय करायचं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, खूप घाम: ही पहिली पायरी. सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, अंग ओलं करून वारा घाला, घोट घोट ओआरएस पाजा. अर्ध्या-पाऊण तासात माणूस सावरला पाहिजे. नाही सावरला तर दवाखाना.

पण माणूस बरळायला लागला, चालताना तोल गेला, ओळखेनासा झाला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, आणि अंग चटका बसावा असं तापलं असेल, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू भाजत असतो. घाम थांबलाच पाहिजे असं नाही. कष्टाचं काम करताना ऊन लागलेल्याला घाम येतच असतो, त्यावर फसू नका. एकानं १०८ ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी पाणी ओतायला सुरुवात करायची. गाडीची वाट पाहत बसू नका, कारण जीव वाचतो तो पहिल्या अर्ध्या तासात अंग किती लवकर गार केलं त्यावर. कपडे काढा, बादल्यांनी पाणी ओता, वह्या, सुपं, पुठ्ठे जे हाती येईल त्यानं वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका. आजारातल्या तापात मेंदू स्वतःच तापमान वर नेतो आणि गोळी त्याला खाली आणायला सांगते. उष्माघातात मेंदूच्या हातातच काही राहिलेलं नसतं, मग गोळी ऐकणार कोण?

एक धोका मात्र कूलर स्वतःच घेऊन येतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, त्यांत पाणी भरायला गेलेल्या बाया आणि खेळता खेळता हात लावणारी लेकरं असतात. लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकत्र, त्यात पंपाची वायर सोललेली आणि पायात चप्पल नाही. पाणी भरण्याआधी बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढायचा. तीन पिनांचाच प्लग वापरा आणि बोर्डातल्या त्या तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. बऱ्याच जुन्या घरांत भोक असतं, मागे वायर नसते. जमलं तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळाला की तो क्षणात वीज तोडतो. पैसे कमी असतील तर एक वेळ ताटी जुनी राहू द्या, पण हे करा.

नवतपा उलटतो, रोहिण्यांचे ढग येतात, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी कूलर रुसल्यासारखा वागतो. पारा ४५ वरून ३७ वर आलेला, तरी चिकचिक जास्त. कूलर बिघडलेला नसतो, हवेत ओल आलेली असते. आता त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा, खिडक्या उघडायच्या. तो घामट उकाडा साधा समजू नका. अशा हवेत घाम वाळत नाही, म्हणून ३७ अंशांतही ऊन लागतं.

आणि याच दिवसांत लोक कूलर विसरतात. टाकीत वीतभर पाणी तसंच राहतं आणि डेंग्यूचा डास त्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून कूलर सुरू असेपर्यंतही आठवड्यातून एक वार ठरवून टाकी रिकामी करायची. नुसती रिकामी नाही, आतून काथ्यानं घासायची, कारण अंडी पाण्याच्या काठाला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. आजींचा वार शनिवार आहे. सकाळी त्या प्लग काढून मला हाक मारतात, मी टाकी तिरपी धरते आणि त्या नारळाच्या शेंडीनं कडा घासतात.